एकदाच वापरायची चादर

साकोली हे भंडारा जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. मुंबई-कोलकाता महामार्गावर वसलेले, आजूबाजूला धानाच्या बांध्या, आणि नागपूर तेथून शंभरेक किलोमीटरवर. गावात शासनाचे उपजिल्हा रुग्णालय आहे. तालुक्याच्या पातळीवरील अशा कोणत्याही रुग्णालयाचे शस्त्रक्रियागृह डोळ्यांपुढे आणले, तर टेबलावरच्या रुग्णाच्या अंगावर हिरवी किंवा निळी सुती चादर दिसते. तिच्या मधोमध एक भोक असते आणि शस्त्रक्रिया होते ती त्या भोकातून. थिएटरमधल्या सिस्टर तिला 'होल टॉवेल' किंवा 'होल शीट' म्हणतात. काम झाले की ती धुलाईला जाते, वाळते, घडी होऊन पुन्हा ऑटोक्लेव्हमध्ये जाते. अशा शेकडो फेऱ्या एका चादरीच्या वाट्याला येतात.

शहरातल्या मोठ्या रुग्णालयात चित्र वेगळे असते. तेथे एक मोहरबंद पाकीट फाडले जाते, आतली कागदासारखी चादर पसरली जाते आणि शस्त्रक्रिया संपताच पिवळ्या पिशवीत टाकली जाते. रुग्णाच्या नातेवाइकांच्या हाती पडणाऱ्या बिलात 'ड्रेप' असा एक शब्द आणि त्यापुढे रक्कम असते. मग साहजिकच प्रश्न पडतो की, गावाकडची धुतलेली चादर दुय्यम आहे का? विशेषतः मूत्रमार्गाच्या किंवा जननेंद्रियाच्या भागात सिलिकॉनची नळी, झडप, जाळी यांसारखी वस्तू कायमची बसवायची असेल, तर धुतलेल्या चादरीवर भिस्त ठेवावी का? या प्रश्नाचे उत्तर दीडशे वर्षांच्या इतिहासात विखुरलेले आहे.

मुळात चादर लागते कशाला, हे आधी पाहू. उपकरणे उकळता येतात, वाफवता येतात. माणसाची कातडी वाफवता येत नाही. आयोडीन किंवा स्पिरिट लावून तिच्यावरील जंतू पुष्कळ कमी करता येतात, पण केसांच्या मुळांशी आणि घर्मग्रंथींत दडलेले जंतू शिल्लक राहतातच. म्हणून छेद घ्यायची तेवढी जागा स्वच्छ करून उघडी ठेवायची आणि बाकीचे शरीर झाकून टाकायचे. चादर म्हणजे रुग्णाच्या जखमेत आणि त्याच्याच उरलेल्या अंगात उभी केलेली भिंत.

ड्रम आणि वाफ

जोसेफ लिस्टरने ग्लासगो येथे कार्बोलिक आम्लाचा वापर करून जखमा सडू न देण्याची पद्धत काढली आणि ती १८६७ साली प्रसिद्ध केली, हे आपण पाठ्यपुस्तकात शिकवतो. लिस्टरचा भर जंतू मारण्यावर होता. जखमेपर्यंत जंतू पोहोचूच द्यायचे नाहीत, हा पुढचा विचार जर्मनीत रुजला. बर्लिनमध्ये अर्न्स्ट फॉन बेर्गमान आणि त्याचा सहकारी कुर्ट शिमेलबुश यांनी १८९०च्या सुमारास शस्त्रक्रियेचे कापड वाफेने निर्जंतुक करण्याची पद्धत बसवून दिली. त्यासाठी शिमेलबुशने एक डबा तयार केला. गोल, पत्र्याचा, बाजूला भोकांची रांग आणि त्यावर सरकणारी पट्टी. पट्टी उघडी ठेवून डबा वाफेत ठेवायचा, म्हणजे वाफ आत शिरते. बाहेर काढताच पट्टी सरकवून भोके बंद करायची. शिमेलबुश १८९५ साली ऐन तारुण्यात वारला. आपल्याकडील अनेक लहान रुग्णालयांत सिस्टर ज्याला नुसते 'ड्रम' म्हणतात तो हाच डबा, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते.

ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा प्रेशर कुकर. पाश्चरचा सहकारी शार्ल शांबरलाँ याने तो १८७९-८०च्या सुमारास बनवला. दर चौरस इंचाला १५ पौंड जादा दाब असला की वाफेचे तापमान १२१ अंश सेल्सिअस होते. पण येथे तापमानापेक्षाही महत्त्वाची आहे ती वाफेची सुप्त उष्णता. एक ग्रॅम वाफ कापडावर थंड होऊन पाणी झाली की पाचशेहून अधिक कॅलरी त्या कापडाला देते. कोरड्या गरम हवेला हे जमत नाही. त्यामुळे तिच्यात निर्जंतुकीकरणासाठी १६० अंशांवर दोन तास घालवावे लागतात. भाताच्या कुकरमधली वाफ हाताला लागली तर तव्यावरच्या गरम हवेपेक्षा जास्त का भाजते, हे मुलांना समजावताना हेच उदाहरण देता येईल.

मात्र कापडांच्या घड्यांत हवा अडकून राहिली तर तेथे वाफ पोहोचत नाही. ड्रम ठासून भरला की बाहेरची चादर निर्जंतुक होते आणि मधली केवळ कोमट. बाहेरचा काटा तर १२१ अंश दाखवत असतो! ही चूक पकडण्यासाठी ब्रिटनमध्ये बोवी आणि डिक यांनी १९६३ साली निर्वात पद्धतीच्या ऑटोक्लेव्हसाठी एक सोपी चाचणी सुचवली. टॉवेलांच्या घड्यांच्या गठ्ठ्यात मधोमध, उष्णतेने रंग बदलणाऱ्या चिकटपट्टीची फुली ठेवायची. सगळ्या फुलीवर रंग सारखा आला तर हवा पूर्ण निघून गेली. मध्यभाग फिका राहिला तर हवा अडकली. इतक्या साध्या साधनात इतका मोठा अर्थ भरलेला क्वचितच आढळतो.

चादरींचा रंग पांढऱ्याचा हिरवा झाला तोही याच काळाच्या पुढेमागे. सॅन फ्रान्सिस्कोचे सर्जन हॅरी शर्मन यांनी १९१४ साली हिरव्या रंगाचा पुरस्कार केला. तांबड्या रक्ताकडे बराच वेळ पाहून पांढऱ्या कापडाकडे नजर वळवली की डोळ्यांपुढे हिरवट डाग तरळतो. कापडच हिरवे असले तर तो जाणवत नाही.

ओल्या कापडाची गोष्ट

यानंतर अर्धे शतक सर्जन निश्चिंत होते. चादर वाफवलेली आहे, म्हणजे भिंत पक्की आहे. या समजाला १९५२ साली धक्का बसला. अमेरिकेतील सर्जन विल्यम बेक आणि त्यांचे सहकारी कोलेट यांनी एक छोटा निबंध लिहिला. सर्जनच्या अंगरख्यावर आणि चादरीवर आपण ठेवतो तो विश्वास खोटा आहे, अशा अर्थाचे त्याचे शीर्षक होते. त्यांनी दाखवून दिले की कोरडे सुती कापड जंतूंना अडवते, पण तेच कापड रक्ताने किंवा पाण्याने भिजले की जंतू त्यातून आरपार जातात.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. साध्या मांजरपाटात धाग्यांमधल्या फटी बहुधा पन्नास ते शंभर मायक्रॉनच्या असतात. जंतू असतो सुमारे एका मायक्रॉनचा. म्हणजे वेशीतून मुंगी जावी तशी गोष्ट. तरीही कोरडे कापड त्याला अडवते, कारण जंतूला पंख नाहीत. तो कातडीच्या सुटलेल्या खवल्यांना चिकटून असतो आणि कोरड्या धाग्यांत ते खवले अडकतात. कापड ओले झाले की केशाकर्षणाने प्रत्येक फट पाण्याने भरते, खालच्या कातडीपासून वरच्या पृष्ठभागापर्यंत सलग पूल तयार होतो. त्यावर सर्जनचे कोपर टेकले, की दाबाने ते पाणी वर ढकलले जाते.

वर्गात हे दाखवणे अवघड नाही. गुळगुळीत फरशीच्या तुकड्यावर फाउंटन पेनच्या शाईचे काही ठिपके टाकून ते पूर्ण वाळू द्यावेत. त्यावर जुन्या धोतराची दुहेरी घडी ठेवावी, वर टीपकागद, आणि त्यावर एखादे जाड पुस्तक. दहा मिनिटांनी पाहिले तर टीपकागद कोरा. मग तीच घडी पाण्याने चिंब करून प्रयोग पुन्हा करावा. ठिपके वर उमटतात. शाई पाण्यात विरघळते आणि जंतू विरघळत नाहीत, हा फरक विद्यार्थ्यांना अवश्य सांगावा. पण कापड 'भिंत' न राहता 'वात' कसे होते, एवढे यातून नक्की कळते.

बेक यांच्या निबंधानंतर दोन वाटा फुटल्या. एक, सूत अधिक घट्ट विणून त्यावर पाणी न धरणारी प्रक्रिया करायची. दुसरी, विणकामच सोडून द्यायचे. दुसऱ्या वाटेने १९६०च्या दशकात एकदाच वापरायच्या चादरी आल्या.

शंभर जंतू पुरेत

आता प्रश्न असा की चार-दोन जंतू जखमेत गेले तर बिघडले काय? शरीराच्या पांढऱ्या पेशी असतातच ना! साध्या जखमेत हे बऱ्याच अंशी खरेही आहे. लंडनमध्ये एलेक आणि कोनेन यांनी १९५७ साली स्वयंसेवकांच्या कातडीत पू करणारे स्टॅफिलोकॉकस जंतू मोजून टोचले. पू होण्यासाठी काही दशलक्ष जंतू लागले. मग त्यांनी रेशमाचा टाका घालून त्याच्यासोबत जंतू सोडले. आता काहीशे, कधी तर शंभरच जंतू पुरले. एका धाग्याने माणसाची प्रतिकारशक्ती सुमारे दहा हजार पटींनी दुबळी केली.

साकोलीच्या आसपासच्या वाचकांना रेशीम म्हटले की कोसा आठवेल. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचे किडे वाढवणारे ढिवर आणि ते रेशीम विणणारे कोष्टी ही भंडारा जिल्ह्याची ओळख आहे. शस्त्रक्रियेचा टाका मात्र तुतीच्या रेशमाचा असतो. दोष रेशमाच्या जातीचा नाहीच. शरीरात ठेवलेली कोणतीही परकी वस्तू, मग ती रेशीम असो, सिलिकॉन असो की पोलाद, जंतूंना आसरा देते. त्या वस्तूला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे पांढऱ्या पेशी तेथे नीट पोहोचत नाहीत. जंतू पृष्ठभागाला चिकटतात आणि भोवती चिकट थर तयार करतात. या थराला 'बायोफिल्म' म्हणतात. दातांवरचे किटण हे त्याचे घरचे उदाहरण. या थराआड प्रतिजैविकांचा मारा बोथट होतो, आणि बहुतेक वेळा बसवलेली वस्तू काढून टाकण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

कृत्रिम खुब्याचे जनक जॉन चार्नली यांना हा अनुभव इंग्लंडमध्ये १९६०च्या दशकात आला. आरंभी त्यांच्या रुग्णांपैकी सुमारे ७ टक्क्यांना जंतुसंसर्ग होई. गाळलेली हवा आणि जंतू न झिरपणारे अंगरखे अशा उपायांनी त्यांनी तो एक टक्क्याखाली आणला.

मूत्ररोगशास्त्रात रोपणाचे युग १९७०च्या दशकात खरे सुरू झाले. ह्यूस्टन येथील ब्रँटली स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लघवीवर ताबा नसलेल्या रुग्णांसाठी कृत्रिम झडप बनवली आणि १९७३ साली नपुंसकत्वावर उपाय म्हणून द्रवाने भरणारे सिलिकॉनचे रोपण जाहीर केले. मधुमेह, मणक्याची दुखापत, प्रोस्टेटच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया यांनंतर जे पुरुष मुकाट्याने दुःख सोसत, त्यांच्यासाठी हा मोठा दिलासा होता. परदेशी रोपणे महाग. मुंबईचे डॉ. रुपिन शहा यांनी कमी खर्चाचे, अर्धताठर भारतीय रोपण विकसित केले. ते 'शहा रोपण' म्हणूनच ओळखले जाते. या विषयावर आपल्याकडे कुजबुजीपलीकडे बोलले जात नाही, म्हणून त्यातले विज्ञानही दुर्लक्षित राहते, असे आम्हांला वाटते.

या रोपणांचा शत्रू बाहेरचा नव्हता. रुग्णाच्याच कातडीवर एरवी निरुपद्रवीपणे राहणारे स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस जंतू, आणि शस्त्रक्रियेची जागा शरीराच्या अशा भागात, जेथे कातडी पूर्ण स्वच्छ करणे सर्वांत कठीण. २००१ साली दोन प्रतिजैविकांचा लेप दिलेली रोपणे आली, त्याने संसर्ग घटला. त्यानंतर न्यूयॉर्कचे फ्रान्स्वा ईद यांनी २००६पासून एक वेगळी रीत अवलंबली. छेद घेऊन कातडीखालच्या थरापर्यंत पोहोचायचे. तेथवर वापरलेली सगळी उपकरणे आणि हातमोजे बाजूला टाकायचे. मग जखमेवर दुसरी, सैलसर निर्जंतुक चादर पसरायची, तिला लहानसे भोक पाडायचे आणि त्या भोकाच्या कडा जखमेच्या आत अडकवायच्या. यापुढे रोपण, हात, उपकरणे यांपैकी काहीही कातडीला शिवत नाही. २०१२ साली त्यांनी आकडे प्रसिद्ध केले. लेप दिलेली रोपणे जुन्या रीतीने बसवली तेव्हा संसर्ग सुमारे २ टक्के होता; दुसऱ्या चादरीनंतर तो ०.४६ टक्क्यांवर आला.

आकडे प्रभावी आहेत, पण ते जपून वाचले पाहिजेत. हा एकाच सर्जनचा, एकामागून एक कालखंडांचा हिशेब आहे. चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट पाडलेले नाहीत. वर्षे उलटली तसा सर्जनचा हातही बसत गेला असणार. शिवाय या रीतीत हातमोजे आणि उपकरणेही बदलली जातात. घट सगळी चादरीच्या खात्यावर मांडता येणार नाही.

आता त्या टाकाऊ चादरीकडे वळू. २०२० साली कोविडच्या साथीत निळे-पांढरे अंगरखे घातलेले कर्मचारी सर्वांनी पाहिले. तसेच हे कापड असते. पॉलिप्रॉपिलीनचे दाणे वितळवून त्यांचे तंतू काढतात आणि ते न विणता उष्णतेने व दाबाने एकमेकांना चिकटवतात. बाहेरचे दोन थर जाड तंतूंचे, बळकटीसाठी. मधला थर काही मायक्रॉन जाडीच्या बारीक तंतूंचा. त्यात सरळ आरपार फट अशी सापडतच नाही. प्लास्टिक असल्याने पाणी शोषले जात नाही, आणि शाईचा आपला प्रयोग या कापडावर केला तर टीपकागद कोरा राहतो.

अशी वस्तू कारखान्यातच बंद पाकिटात निर्जंतुक करावी लागते. आपल्याकडे याची सुरुवात महाराष्ट्रातच झाली. भाभा अणुसंशोधन केंद्राने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने तुर्भे येथे 'आयसोमेड' प्रकल्प उभारला आणि तो १९७४ साली सुरू झाला. कोबाल्ट-६०मधून निघणारे गॅमा किरण खोक्याच्या आत, पाकिटाच्या आत, वस्तूच्या गाभ्यापर्यंत जातात आणि जंतूंचे डीएनए मोडून टाकतात. खेड्यांतल्या दाईंसाठीची प्रसूतीची निर्जंतुक पाकिटेही या मार्गाने तयार झाली. गंमत अशी की चादरीच्या पॉलिप्रॉपिलीनला गॅमा किरण मानवत नाहीत, ते ठिसूळ होते. म्हणून या चादरींसाठी सहसा इथिलीन ऑक्साइड वायू वापरतात. तो विषारी असल्याने नंतर पाकिटांतून पूर्ण उडून जाऊ द्यावा लागतो.

इतके गुण असल्यावर टाकाऊ चादरीनेच संसर्ग कमी होत असला पाहिजे, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्ष पुरावा मात्र तितका ठाम नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली सगळे अभ्यास तपासून सुचवले की एकदाच वापरायची न विणलेली चादर किंवा पुन्हा वापरायची विणलेली निर्जंतुक चादर, यांपैकी कोणतीही चालेल. कातडीला चिकटवून त्यातूनच छेद घ्यायच्या पारदर्शक प्लास्टिक पडद्यांची गंमत तर आणखी वेगळी. तर्काने ती सर्वांत उत्तम भिंत. पण सुमारे ३,००० रुग्णांवरील चाचण्या एकत्र करून २००७ साली काढलेल्या निष्कर्षात, ते वापरलेल्या रुग्णांत संसर्ग थोडा जास्तच आढळला. संघटनेने २०१६ साली ते न वापरण्याचे सुचवले. तर्क आणि मोजणी यांची गाठ कशी पडते, याचे हे उदाहरण विज्ञानाच्या तासाला अवश्य घ्यावे.

आणि रोपणाचे काय? येथे धुळे जिल्ह्यातील दोंडाईच्याचे नाव घ्यावे लागते. हर्नियाच्या शस्त्रक्रियेत जांघेत बसवायची जाळी खेड्यातल्या रुग्णाला परवडत नसे. दोंडाईच्याचे सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून जाळी म्हणून वापरले आणि अनेक ठिकाणच्या रुग्णांचे अनुभव २००३ साली भारतीय शल्यचिकित्सेच्या नियतकालिकात मांडले. अनेकांनी नाके मुरडली. पुढे पूर्व युगांडात ३०२ पुरुषांवर चिठ्ठ्या टाकून रीतसर चाचणी झाली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत, मच्छरदाणीच्या कापडाची स्वस्त जाळी आणि कंपनीची महाग जाळी यांच्यात हर्निया उलटण्यात किंवा संसर्गात लक्षणीय फरक आढळला नाही. जाळी हीसुद्धा परकी वस्तूच. एलेक आणि कोनेन यांचे शंभर जंतू तिलाही लागू आहेत.

साकोलीच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून चादरीच्या जातीपेक्षा तिची अवस्था विचारावी लागते. वीण विरळ झाली आहे का, कापडाला ठिगळ किंवा सुईएवढे भोक आहे का, हे प्रत्येक धुलाईनंतर उजेडात धरून पाहावे लागते, आणि फेऱ्या मोजून जुनी चादर बाद करावी लागते. रक्त किंवा पाणी बरेच वाहणार असेल, किंवा आत काही बसवायचे असेल, तर सुती चादरीखाली पाणी न झिरपणारा थर हवा, नाही तर टाकाऊ चादर हवी. तेथे काटकसर करू नये, असे आमचे मत. उलट लहान, कोरड्या शस्त्रक्रियेसाठी दर वेळी प्लास्टिकची चादर वापरून जाळणे आम्हांला पटत नाही. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम देशात १९९८ साली प्रथम आले, २०१६ साली नवे झाले. त्यांनुसार रक्ताने माखलेली चादर पिवळ्या पिशवीतून भट्टीकडे जाते आणि तिचा खर्चही कोणाच्या तरी माथी पडतोच.

झाडीपट्टीतल्या पावसाळ्यात, जेव्हा दोन-दोन दिवस कपडे वाळत नाहीत आणि वीज मध्येच जाते, तेव्हा या जुन्या पद्धतीची खरी परीक्षा असते. ऑटोक्लेव्हचे वाळवणीचे चक्र अर्धवट राहिले की ड्रममधल्या घड्या दमट राहतात. त्या आतून निर्जंतुक असतीलही, पण हात लागताच, ओल्या जागी टेकवताच बाहेरचे जंतू आत झिरपायला वाट मोकळी होते. म्हणून नियम असा आहे की ड्रम उघडल्यावर चादर ओलसर लागली तर ती निर्जंतुक धरायची नाही. ड्रम पुन्हा ऑटोक्लेव्हमध्ये जातो आणि यादीतली पुढची शस्त्रक्रिया तेवढा वेळ थांबते.